बारूदखान्याची दुसरी किल्ली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी थोडं हसू येतं. त्या प्रकरणात घाम सगळ्यात जास्त मी गाळला, टेबलावर हात मी आपटले, आवाज मी चढवला. आणि गाठ सुटली ती एका वकीलबाईंच्या हातून. त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. घरी नातेवाईक जमले की मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून एवढंच म्हणतात, "त्या बाईची बाजू पूर्ण सांगजा. मागच्या खेपेले अर्धी तुमीच खाऊन टाकली." म्हणून या वेळी लिहूनच काढतो. नावं मात्र कोणाचीच घालत नाही.

मी मूळचा मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा, धानकऱ्याच्या घरचा. नोकरीची शेवटची वर्षं तुमसर तालुक्यातल्या एका ठाण्यात प्रभारी अधिकारी म्हणून काढली. हद्दीत जंगल, धानाच्या बांध्या आणि चिखला गावाच्या अंगाला मॅंगनीजच्या खाणी. तिकडचे रस्ते काळसर, ट्रक काळे, आणि उन्हाळ्यात बंदोबस्ताहून परतलो की आमच्या कपड्यांचा मूळ रंग कोणता हे धोब्यालाच माहीत. त्या पट्ट्यात एक लहानशी खासगी खाण होती. तिचे मालक तुमसरात राहत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आजोबांचा मोहाडीत हातमागाचा आणि साड्यांचा व्यापार, वडिलांनी खाण घेतली, आणि भाऊ आता ती एका मोठ्या कंपनीला विकायला निघाले होते. मुलगा पुण्यात स्थायिक झालेला. त्याला ना कापडात रस, ना दगडात.

एके दिवशी सकाळी भाऊ स्वतः ठाण्यात आले. एरवी ते आम्हाला फोन करत, येत नसत.

"साहेब, चोरी झाली. बारूद गेली."

मोटारसायकल चोरीला गेली तर आमचा ठाणे अंमलदार आधी चहा मागवतो आणि मग पेन उचलतो. बारूद म्हटल्यावर त्यानं पेन आधी उचललं. खाणीत दगड फोडायला कांड्या आणि डेटोनेटर लागतात. ते वस्तीपासून लांब, रानात वेगळ्या बांधलेल्या बारूदखान्यात ठेवतात. भोवती कुंपण, लोखंडी दार आणि दाराला दोन कुलपं. एक किल्ली मॅगझीनवाल्याकडे, म्हणजे जो माणूस माल देतो-घेतो त्याच्याकडे. दुसरी किल्ली वेगळ्या माणसाकडे. दोन्ही किल्ल्या एका वेळी हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. विकत घेणाऱ्या कंपनीनं व्यवहाराआधी सगळ्या मालाची मोजणी मागितली, त्यात काही कांड्या आणि डेटोनेटर कमी भरले, आणि भाऊ धावत आमच्याकडे आले.

पथक घेऊन गेलो, पंचनामा केला. कुलपं शाबूत, कुंपण शाबूत, दाराला ओरखडा नाही. म्हणजे किल्लीनंच उघडलं होतं. वरिष्ठांचे फोन सुरू झाले. नागपूरहून वेगळ्या शाखेचे लोक येऊन विचारपूस करून गेले. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर येऊन थांबल्या.

मॅगझीनवाला पन्नाशीकडे झुकलेला, खाणीच्याच चाळीत राहणारा. त्याच्याकडे ब्लास्टिंगचं सर्टिफिकेट होतं. ते त्यानं देवाच्या फोटोशेजारी भिंतीला लावून ठेवलं होतं. स्फोटकांचा गुन्हा लागला तर जामीन सहज मिळत नाही. सर्टिफिकेट जातं, नोकरी जाते, खोली जाते. बाहेर आल्यावर त्याला कोणी विटांच्या भट्टीवरही ठेवलं नसतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

दुसरी किल्ली परवान्याप्रमाणे मॅनेजरकडे असायला हवी होती. प्रत्यक्षात ती भाऊंच्या देवघरात होती. हे मला भाऊंनीच अभिमानानं सांगितलं. बैठकीत बसवलं, चिवडा पुढे केला आणि म्हणाले, "आमच्या घरची रीत आहे साहेब. आजोबाच्या काळी मागाच्या कोठीची किल्ली देवाजवळ राहे. वडलायनं खाणीची ठेवली. दिवा लागल्यावर ते किल्ली घराबाहेर निघत नाही. अन् दिवसाही घरच्याशिवाय कोणाच्या हाती पडत नाही. माल काढाचा असला तं मी सोता घेऊन जातो."

मी मान डोलावली. "असं पाहिजे," असंही म्हणालो बहुधा. नियमभंग झाला आहे एवढं टिपून घेतलं आणि चिवडा संपवला.

माझ्या डोक्यात तर्क तयार होता. मॅगझीनवाल्यानं कधीतरी भाऊंची नजर चुकवून किल्लीचा ठसा साबणावर घेतला आणि नक्कल बनवली. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत एकदाही असा साबण मला सापडला नव्हता, त्यामुळे आता तो सापडायलाच हवा होता. त्याच्या खोलीची झडती घेतली आणि दोन वड्या जप्त केल्या. पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, "साहेब, आंघोळीले तरी एक ठेवा त्याच्या."

मग चौकशी. रोज सकाळी त्याला बोलवायचं, दुपारपर्यंत बसवायचं.

"किल्ली कोणाला दिलीस?"

"कोणाले नाई जी."

"मग माल गेला कसा? पाय फुटले त्याला?"

"मले काई सांगता येत नाई, साहेब."

आवाज चढवला तर तो जमिनीकडे पाही. आवाज उतरवला तरी जमिनीकडेच. गोड बोलून पाहिलं. आमचा जुना हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुमी प्रेमानं बोलले की तो जास्त घाबरून राहिला. रागानंच बोला." घरी हे सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमाले काय वाटते, तुमी वरडले की मानसाच्या पोटातलं बाहेर येते? मानूस कान बंद करते. मी नाई का करत?"

तेवढ्यात खबर आली. आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली, माझा एक जुना खबरी पानठेला चालवतो. त्याचा फोन आला. "साहेब, इथं तलावाच्या खालच्या अंगाले एका शेतात विहीर फोडली. आवाज लय साफ होता. ठेकेदाराच्या पोट्ट्यायचा आवाज असा नसते. हा खाणीचा माल होता."

आमच्या भागात विहीर खणताना काळा दगड लागला की सुरुंगाशिवाय भागत नाही. परवानाधारक माणूस बोलावण्यात दिवस जातात, म्हणून खाणीत ओळख असली की "थोडा माल दे ना बापा" असं म्हणण्याची जुनी सवय. साखर मागावी तसं मागतात. देणाऱ्यालाही त्यात गुन्हा दिसत नाही.

शेतावर गेलो. विहिरीच्या ढिगाऱ्यात वायरचे तुकडे सापडले, ते मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले. शेत निघालं भाऊंच्या साडूचं. साडूनं लगेच सांगून टाकलं, "मॅगझीनवाल्यानं आणून देल्ला. त्याची सासुरवाडी याच गावची. कुठून आणला ते मी काहून इचारू?"

सगळं जुळलं. साडू भाऊंचा आहे ही गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली, नाही असं नाही. म्हणून भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "साडू आहे म्हणून सोडू नका साहेब. कायदा साऱ्यायले सारखा." हे ऐकून मी एवढा भारावलो की पुढचा प्रश्न विचारायचाच राहिला. वरिष्ठांचा निरोप आला: उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. कागद तयार करायला सांगून मी खुर्चीत रेललो.

त्याच दुपारी वकीलबाई आल्या.

चाळिशीच्या असतील. साधा कुडता, केस मागे घट्ट बांधलेले, आणि पायात खाणीत घालतात तसले जड बूट. बुटांना ओला काळा चिखल होता. मुंबईच्या एका मोठ्या वकिली फर्मच्या, घेणाऱ्या कंपनीच्या बाजूनं. मी मनात म्हटलं, आला दबाव. मोठ्या माणसांचे वकील ठाण्यात एकाच कामासाठी येतात. मी चेहरा कडक केला. (माझा कडक चेहरा पाहून नातू विचारतो, आजोबा, दात दुखतो का.)

"साहेब, तपासाबद्दल मी काही मागायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त समजून घ्यायचंय. गुन्हा चोरीचा नोंदवला आहे ना?"

"चोरीचाच."

"चोरी झाली, हे कोणी सांगितलं?"

"मालकांनी. फिर्याद आहे त्यांची."

"आणि मालकांना कोणी सांगितलं?"

"मोजणीत निघालं."

"मोजणीत माल कमी निघाला. चोरी हा शब्द मालकांचा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

मला राग यायला हवा होता, पण आली ती उत्सुकता. विचारलं, "बाई, एक खाण घ्यायला एवढ्या लांबून वकील कशाला लागतो? आमच्याकडे बैल घेतात तर दात पाहतात, शेपटी पिळतात, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. झालं."

त्या हसल्या. "मीही दातच पाहते साहेब. फक्त या बैलाला दात फार आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ऐकत राहिलो. खालचं खनिज सरकारचं, ते काढायचा पट्टा, म्हणजे भाडेकरार, खनिकर्म खात्याचा. वरची झाडं वन खात्याची. आतलं पाणी उपसायला वेगळी परवानगी, ते नाल्यात सोडायला वेगळी. मजूर खाली उतरतो त्याच्या जिवाची काळजी घेणारं खातं निराळं. बारूद निराळ्याच खात्याची, आणि तिच्यासाठी आमचा पोलीस अहवालही लागतो. "प्रत्येक खात्याची एकेक दोरी या खाणीला बांधलेली आहे," त्या म्हणाल्या. "मालक बदलतो तेव्हा सगळ्या दोऱ्या सोडून नव्या माणसाच्या हातात द्यायच्या. त्या वेळी एकही सुटता कामा नये. एक सुटली की खाण बंद. खाण बंद म्हणजे तिच्यावर जगणारे सगळे घरी."

त्या बोलत होत्या आणि हातात कागदाचा कपटाही नव्हता. कोणती परवानगी कोणत्या अटीवर आहे, कोणती कोणाच्या सहीशिवाय हलत नाही, कोणती आधी आणि कोणती नंतर, सगळं डोक्यात. मी त्या खाणीवरून जीप घेऊन शेकडो वेळा गेलो असेन. मला तो जमिनीतला एक काळा खड्डा दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्या खड्ड्यावर अख्खं एक न दिसणारं घर बांधलेलं आहे, आणि ही बाई त्याची एकेक वीट ठोकून पाहत हिंडते आहे. लहानपणी आंधळगावात विहिरीला पाणी लागलं तेव्हा मी जसा काठावर उभा राहून खाली पाहत होतो, तसाच मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. हवालदारानं खोकून मला जागं केलं.

दुसऱ्या दिवशी अटकेआधी भाऊंचा पुरवणी जबाब घ्यायचा होता, किल्लीबद्दल. म्हणून तुमसरला त्यांच्या घरी गेलो. तिथे वकीलबाई बसलेल्या. करारातली वाक्यं वाचून दाखवायचं काम चाललं होतं. भाऊंच्या शेजारी त्यांचे भंडाऱ्याचे वकील पान चघळत बसले होते.

मला पाहून बाईंनी वाचन थांबवलं. "भाऊ, साहेब बसलेले असताना वाचायचं का, हे तुम्ही ठरवा. मी तुमची वकील नाही, घेणाऱ्यांची आहे. तुमच्या वकिलांना विचारा."

भंडाऱ्याचे वकील म्हणाले, "मी म्हणतो, साहेबाले अंगणात चहा द्या."

"बसू द्या हो," भाऊ म्हणाले. "साहेब घरचेच. आपल्याले काय लपवाचं आहे?"

बाईंनी पुन्हा एकदा विचारलं. भाऊ पुन्हा तेच म्हणाले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो.

पद्धत अशी होती. बाई एक वाक्य वाचत. थांबत. भाऊंकडे पाहून विचारत, "हे खरं आहे?" भाऊ हो म्हणाले की पुढचं वाक्य. पट्ट्याची मुदत, हद्दीचे दगड, मजुरांचे भविष्य निर्वाह निधीचे पैसे. मध्येच भाऊ अडखळले. पंपाचा एक पाइप परवानगीपेक्षा मोठा बसवला होता. मला वाटलं, आता बाई पकडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि त्या वाक्याखाली तसा अपवाद लिहून घेतला. पाइप बदलून देण्याची जबाबदारी भाऊंची, बस. थोड्या वेळानं भाऊ आपणहून बोलू लागले. रस्त्यासाठी दोन सागाची झाडं जास्त तुटली होती, तेही सांगितलं. मी थक्क होऊन पाहत होतो. इतक्या वर्षांत एवढ्या गोष्टी, इतक्या सहज, कोणी मला सांगितल्या नव्हत्या, आणि माझ्या कमरेला तर पिस्तूल होतं.

मग बाईंनी पुढचं वाक्य वाचलं. "बारूदखान्याच्या दोन किल्ल्या परवान्यात नाव असलेल्या माणसांशिवाय कोणाच्याही हाती कधीही गेलेल्या नाहीत, आणि बारुदीचा उपयोग खाणीबाहेर कधीही झालेला नाही."

"हे खरं आहे?"

भाऊंनी मला सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. देवघर, आजोबांची रीत, दिवा लागल्यावर बाहेर न जाणारी किल्ली. "घरच्याशिवाय कोणाच्या हाती पडतच नाही जी. मी सोता नेतो, सोता आणतो."

मी सवयीनं मान डोलावायला लागलो होतो. बाईंनी मान डोलावली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग भाऊ, माल बाहेर गेला तेव्हा दार उघडलं. दुसरी किल्ली कोणी नेली होती?"

मला माझ्या कानांची लाज वाटली. तेच वाक्य मी ऐकलं होतं, त्याच खुर्चीत बसून, चिवडा खात.

"हे वाक्य काढून टाका ना तुमी," भाऊ म्हणाले.

"काढता येईल. पण मग घेणाऱ्यांना सांगावं लागेल की हे वाक्य खरं आहे असं म्हणायला विकणारे तयार नाहीत."

"अन् ठेवलं, अन् उद्या कोणी म्हटलं का खोटं आहे, तं?"

"तर नुकसान तुम्ही स्वतः भरायचं. कंपनी नाही, तुम्ही. तुमच्यामागं तुमचे वारस. परवाना त्या कारणानं गेला तर सगळा व्यवहार उलटा फिरेल. आज खरं सांगितलंत तर दंड होईल, खटलाही होईल. तो तुमचा एकट्याचा असेल आणि एक दिवस संपेल. या कागदावरचं खोटं संपत नाही भाऊ. ते तुमच्या मुलाच्या दाराशी जाऊन बसेल."

आवाज इतका साधा, जणू औषध जेवणानंतर घ्या असं सांगत होत्या. भाऊंनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "साडू लयच मागं लागला होता..."

"भाऊ, थांबा," भंडाऱ्याच्या वकिलांनी पान बाजूला सारत त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "आता एक शब्द नाही. साहेब, तुमी खरंच अंगणात बसा."

मी अंगणात बसलो. तिथूनच वरिष्ठांना फोन करून सांगितलं की आज अटक दाखवत नाही, आणि त्यांच्याकडून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. दिशा हाती लागली होती, पण पुरावा म्हणून हाती काही नव्हतं. पोलिसांपुढं बोललेलं कोर्टात टिकत नाही, आणि भाऊ तर अर्ध्या वाक्यावर थांबले होते. पुढचं फक्त एकच माणूस सांगू शकत होता, आणि तो जमिनीकडे पाहत ठाण्यात बसला होता.

वकीलबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "साहेब, मला मॅगझीनवाल्यांना एक गोष्ट सांगायची आहे. चोरीबद्दल एक शब्द विचारणार नाही. त्यांच्या नोकरीबद्दल आहे. तुमच्यासमोरच सांगेन."

"तो दगड आहे बाई. बोलत नाही."

"तुमच्या झडतीत त्यांच्या घरी काय मिळालं?"

"दोन साबण," मी खाली पाहून म्हणालो.

त्यांनी हसू आवरलं. "म्हणजे पैशासाठी गप्प नाहीत. तुरुंगाच्या भीतीनं गप्प असते तर एव्हाना बोलले असते. मग ते कशाला तरी राखताहेत."

ठाण्यात त्या त्याच्यासमोर बसल्या. मी टेबलाच्या या बाजूला, हात मांडीवर ठेवून. आपटण्याचा मोह नको म्हणून.

"काका," त्या म्हणाल्या, "खाण घेणारे लोक मजुरांचं काय करणार आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"हजेरीवर आहेत ते सगळे राहणार. जुनी नोकरी धरली जाणार. ही अट पहिल्या दिवसापासून आहे. आता मी आणखी एक घातली आहे. बारुदीच्या परवान्यावर काही बालंट आलं, तो काही दिवस थांबला, तरी खाण बंद करायची नाही. परवाना असलेला बाहेरचा ठेकेदार आणून ब्लास्टिंग चालू ठेवायचं, त्याचा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून कापायचा. घेणारे तयार आहेत. मी आताच फोनवर विचारून आले."

तो पहिल्यांदा वर पाहत म्हणाला, "म्हंजे सौदा मोडत नाई?"

"किंमत कमी होईल. सौदा मोडणार नाही."

"कोणं काईबी सांगतलं तरी?"

"कोणीही काहीही खरं सांगितलं तरी."

"लिवून आहे?"

"लिहून आहे. दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय खाण विकलीच जात नाही."

त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. मग माझ्याकडे वळला, बाईंकडे नाही. "लिवून घ्या साहेब."

आणि त्यानं सांगितलं. भाऊ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आले, दुसरी किल्ली स्वतःच्या हातात घेऊन. साडूच्या विहिरीले थोडं लागते म्हणाले. मालकानंच मागितलं तर नाही कसं म्हणणार, म्हणून त्यानं आपलं कुलूप उघडलं. माल भाऊंच्या गाडीत गेला. मोजणी निघाली तेव्हा भाऊ त्याच्या खोलीवर आले आणि म्हणाले, तू तोंड उघडलं तं सौदा मोडन, खाण बंद पडन, साऱ्यायच्या चुली इझन. तू एकटा आत गेला तं मी मागून सोडवतो.

"मी इचार केला जी," तो म्हणाला, "एका घराची चूल का साऱ्या चाळीची. मंग गप राहिलो."

आमचा हवालदार लिहिता लिहिता थांबला. मी त्याला खुणेनं लिही म्हणालो. वकीलबाई उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पुढचं काम आमच्या पद्धतीचं होतं. मॅगझीनवाल्याचा जबाब न्यायाधीशांसमोर नोंदवला. साडूला पुन्हा बसवलं. त्यानं आपली गोष्ट बदलायला वेळ लावला नाही. त्या दुपारी भाऊंचा मोबाइल खाणीजवळ होता आणि मग आंबागडला, हेही निघालं. दोषारोपपत्र भाऊ आणि साडूवर गेलं, खोट्या फिर्यादीसह. मॅगझीनवाला साक्षीदार झाला. आपलं कुलूप उघडल्याबद्दल त्याचं सर्टिफिकेट काही काळ रोखलं गेलं, मग परत मिळालं. खाणीचा व्यवहार उशिरानं झाला, कमी किमतीत झाला, पण झाला. खाणीतलं काम एक दिवसही थांबलं नाही.

खटला सुरू असताना कोर्टाच्या आवारात भाऊ भेटले. राग नव्हता. म्हणाले, "तुमच्यापुढं मी रोज खोटं बोललो साहेब, अन् रात्री झोपही लागे. त्या बाईपुढं एक वाक्य खोटं बोलता नाई आलं." मी घरी जाऊन हे सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग? त्या बाईले ठाणेदार करा म्हणा."

मी पोलीस ठाण्यात माणसं फोडायला शिकलो. कोण कुठं तुटतो हे पाहायचं आणि तिथं जोर लावायचा, हीच माझी विद्या. त्या बाईंची विद्या उलटी होती. खरं बाहेर आल्यावर काय काय कोसळेल हे त्यांनी आधी मोजलं, जे कोसळता कामा नये त्याला आधी टेकू दिला, आणि मगच खऱ्याला वाट दिली. सौदा, खाण, मजूर, कायदा, सगळं एका हातात तोलून धरलं, एकही दोरी न सोडता. कागदावरच्या कोरड्या वाक्यांमध्ये एवढी ताकद असते, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं. आजही कोणी कराराचा कागद पुढे केला की मी तो दोन्ही हातांनी घेतो.

सर्टिफिकेट परत मिळालं तेव्हा मॅगझीनवाला ते दाखवायला ठाण्यात आला. चहा झाल्यावर मी त्याला विचारलं, "इतके दिवस मी विचारत होतो. माझ्यावर विश्वास नव्हता का रे?"

"होता जी," तो म्हणाला. "खरं सांगतलं तं तुमी मले सोडान, एवढा होता. पन खाण वाचवनं तुमच्या हाती कुठं होतं?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जितके जबाब घेतले, त्या प्रत्येकाआधी एक गोष्ट स्वतःला विचारून घेतली: हा माणूस खरं बोलला, तर ते बोलून तो कुठल्या घरी परत जाणार आहे.